दूध आलं नाही म्हणून

डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. "ताई, तुमच्या डोक्यातल्या एका ग्रंथीला सूज आहे. लिम्फोसायटिक हायपोफिसायटिस." मला रडू फुटलं. भीतीनं नाही. आजाराला नाव आहे, म्हणजे मी खोटारडी नाही, एवढंच मनात आलं.

पिट्युटरी ही मेंदूखालची हरभऱ्याएवढी ग्रंथी. दूध, पाळी, अंगातली ताकद, सगळ्यांवर हुकूम तिचा. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच बाळंतपणात माझ्या या ग्रंथीवर उलटल्या होत्या.

नांदूरघाटला, आमच्या घरी, माझ्या आजाराचं नाव वेगळंच होतं. दुसरीही मुलगी झाली आणि दूध आलंच नाही. डोकं ठणकायचं, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "पोरगी झाली म्हणून हिनंच दूध आटवलं. लई आतल्या गाठीची हाय." मी शतावरी खाल्ली, अळिवाची खीर खाल्ली. पोरगी वरच्या दुधावर वाढली. पाळी येत नाही म्हटलं, तर तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

मग दोन्ही डोळ्यांना कडेचं दिसेना. अंगणात बाजूनं आलेल्या गाईला धडकून पडले. माझा भाऊ धारूरहून आला आणि कुणाला न विचारता मला संभाजीनगरला घेऊन गेला. नवरा मागून आला.

माझ्या अंगात कॉर्टिसॉल बनत नव्हतं. आजार, ताण सोसायला लागणारं हे संप्रेरक. त्याऐवजी स्टेरॉइडची गोळी रोज घ्यायची, ताप आला तर दुप्पट. "एक दिवसही बंद करायची नाही," डॉक्टरबाईंनी नवऱ्याला बजावलं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "म्हंजे पुढं मूल व्हईल का न्हाई?"

हळूहळू डोक्याचा ठणका उतरला, नजर आली. मी पुन्हा कामाला लागले. तेव्हा तो म्हणाला, "बरी झालीस की आता. कशापायी खातीस ती स्टेरॉइडं? हाडं पोकळ व्हत्यात." सगळी पाकिटं त्यानं उकिरड्यावर टाकली. भांडायचं बळ माझ्यात नव्हतं.

उलट्या सुरू झाल्या. न्हाणीत कोसळले ती बीडच्या दवाखान्यातच शुद्धीवर आले. सलाईन, शिरेतून स्टेरॉइड. तिथले डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "अजून उशीर केला असता तर बाई हाती लागली नसती."

आता गोळ्या मीच आणते, माझ्या पेटीला कुलूप असतं. बायांनो, बाळंतपणानंतर दूध येत नसेल, डोकं ठणकत असेल, उभं राहवत नसेल, तर घरच्यांच्या निवाड्याची वाट बघू नका. मोठ्या दवाखान्यात जा. आभार मी डॉक्टरबाईंचे आणि भावाचे मानते. बाकी कुणाचे मानायला जमत नाही.

धाकटी आता पळते. सासूबाई अजूनही आल्यागेल्याला माझं सांगतात. फक्त वाक्य बदललंय, "डोक्यातच बिघाड निघाला तिच्या."