उंबऱ्यावरून दिसणारा टीव्ही

रोह्याजवळ वरसे गावातल्या आमच्या घरात टीव्ही बघायच्या दोन जागा होत्या. एक बरोबर समोरची. तिथे सासऱ्यांची खुर्ची आणि नवऱ्याची कॉट. दुसरी कडेची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. तिथे मी, माझी विळी आणि त्या दिवशी जे काही चिरायचं-निवडायचं असेल ते. ही वाटणी कोणी केली नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा खुर्ची भरलेली होती आणि उंबरा रिकामा होता, एवढंच.

टीव्ही काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा. त्याची काच जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी पुढे आलेली. समोरून बघणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. कडेने बघणाऱ्याला मात्र त्या पोटात अख्खी खिडकी दिसायची, खिडकीबाहेरची शेजाऱ्यांची दोरी दिसायची आणि दोरीवरची शेजाऱ्यांची चट्ट्यापट्ट्यांची लुंगी दिसायची. सात वर्षं मी सगळ्या मालिका त्या लुंगीसकट बघितल्या. एका नायिकेचं लग्न लागलं तेव्हा अंतरपाटाच्या जागी लुंगीच होती. एका मालिकेत म्हातारा मरायला टेकला होता, घरचे सगळे रडत होते, आणि वारा आला तशी लुंगी त्याच्या तोंडावर फडफडली. मला हसू फुटलं. सासरे म्हणाले, "माणूस मरतोय नि हिला हसायला येतंय." मी मान खाली घालून चिरायला लागले.

मी फारशी बोलत नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा मी इतका वेळ गप्प उभी राहिले, की शेवटी माझ्या आईनेच वैतागून जावयाचं नाव घेऊन टाकलं. सासरी आल्यावर तर बोलायचं कामच पडलं नाही. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, आला की झोपायचा, उठला की टीव्ही बघायचा. बोलायचं काम सासऱ्यांकडे होतं आणि ते त्यात कधी रजा घेत नसत.

मग एका पावसाळ्यात तो टीव्ही गेला. आधी आवाज गेला, मग चित्राची एक आडवी रेघ झाली, मग रेघही गेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याच्या सुपरवायझरने नुकताच फ्लॅट टीव्ही घेतला होता. नवरा तो बघून आला आणि आठवडाभर फ्लॅट, फ्लॅट करत होता. सासऱ्यांनी विचारलं, "फ्लॅट म्हंजे?"

"चपटा, बाबा. काच एकदम सपाट."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांना काय समजलं ते आम्हाला नंतर कळलं.

मला एवढंच पाहिजे होतं, की नव्या टीव्हीत मला माणसं दिसावीत. रंगीत असो नाहीतर नसो. आमच्याकडे टीव्ही एकदा आला की तो मरेपर्यंत राहतो, सुनेसारखा. आता चुकीचा आला तर पुढची पंधरा वर्षं मी दोरीवरचे कपडेच बघणार होते. पण हे कोणाला सांगायचं म्हणजे आधी लुंगीचं सांगावं लागलं असतं. लुंगी शेजाऱ्यांची होती. सासऱ्यांपुढे परक्या पुरुषाच्या लुंगीचा विषय मी कुठून काढणार?

माझं माहेर पेणजवळचं जोहे. आमचा गणपतींचा कारखाना. चौथी झाल्यावर मी शाळेतून निघून थेट मूर्तींच्या रांगेत जाऊन बसले. आधी उंदीर रंगवले, मग पितांबर, मग डोळे. डोळ्यांची आखणी सगळ्यांना जमत नाही. मला जमायची, म्हणून लग्नानंतरही दर वर्षी गणपतीच्या आधी महिना-दीड महिना मी माहेरी जायची. सासऱ्यांनाही चालायचं, कारण घरचा गणपती आयता मिळायचा.

डोळे आखून झाले की बाबा मला उठवायचे आणि मूर्तीच्या कडेला जमिनीवर बसायला लावायचे. आधी डावीकडे, मग उजवीकडे. म्हणायचे, "आरती करनारा समोर उभा ऱ्हातो, त्याच्याकडं काय, दगडपन बघंल. कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली बाय असते ना, तिच्याकडं देव बघतो का ते बघ. तिथनं चकना दिसला तर पुसून टाक." असे किती देव मी पुसले असतील.

त्या वर्षी नवरा मला न्यायला जोह्याला आला. माझा भाऊ टेम्पोतून रोह्याच्या दुकानदाराकडे मूर्ती पोचवायला निघाला होता. त्याच टेम्पोने जायचं, वाटेत पेणला टीव्ही घ्यायचा, असं ठरलं. रोह्यात का नाही, तर नवऱ्याचं म्हणणं असं, की रोह्यात टीव्ही घेतला तर आपण घरी पोचायच्या आत सगळ्या कंपनीला कळतं आणि प्रत्येक जण सांगतो की चुकलास.

पेणच्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले होते. एक फ्लॅट. दुसरा नेहमीचा फुगीर, पण जरा मोठा, दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानासारखे स्पीकर. दोन्हींवर एकच नाच चालू होता. रंग इतका चढवला होता की नाचणारीचे गाल शेंदरी आणि दात निळे. मी ओळखलं. मुंबईचे व्यापारी यायचे तेव्हा आम्हीही पुढच्या रांगेतल्या मूर्तींना जास्त चमकी मारायचो.

नवरा फ्लॅटसमोर उभा राहिला. डोकं इकडे केलं, तिकडे केलं.

"ह्याचं चित्र मदी बसल्यागत वाटतंय वो. खड्डा पडलाय."

दुकानदार म्हणाला, "पहिले दोन दिवस वाटतं तसं. आपल्या डोळ्यांना फुगीरची सवय ना. नंतर याची होते."

"आनि नाय झाली तर?"

"लग्नाची झाली ना? मग ह्याची पन होईल."

दोघं हसले. मग दुकानदाराने फुगीरचा आवाज वाढवला. वरच्या फळीवरच्या मिक्सरची भांडी थरथरायला लागली. नवऱ्याचा चेहरा उजळला. इतका वेळ फ्लॅट, फ्लॅट करणारा माणूस म्हणाला, "आवाज बग गो! दिवाळीला फटाके आनायला नकोत. आनि चित्रपन मोठं. ह्योच घेऊ."

मी एव्हाना मागे सरकत सरकत इस्त्र्या आणि पंखे ठेवले होते त्या कोपऱ्यात गेले होते. दुकानदाराला वाटलं मी बुजले. "वहिनी, पुढं या ना. तिथनं काय दिसनार?"

तिथनं काय दिसतं तेच तर मी बघत होते. फुगीर काचेत दुकानाचं दार दिसत होतं, दारातून रस्ता, रस्त्यावर एक सायकल आणि सायकलच्या दांडीवर वाळत घातलेला कोणाचा तरी रेनकोट. नाचणारीच्या कमरेला तो रेनकोट बांधल्यासारखा लटकत होता. लुंगी माझ्यामागे पेणपर्यंत आली होती.

पण मी उभी होते. घरी मी उभी नसते. जरा विचार केला, पदर खोचला आणि दुकानातल्या फरशीवर खाली बसले. एक गुडघा वर, जशी विळीवर बसते तशी.

नाच चालूच होता. दुकानदाराने आवाज बंद केला.

"वहिनींना चक्कर आली का?"

नवरा धावत आला. "काय गो, काय झालं? पानी पायजे?"

मी मान हलवली आणि फ्लॅटकडे बघितलं. तिथून फ्लॅटच्या काचेत पलीकडच्या फ्रिजचं पांढरं दार तेवढं पुसट दिसत होतं. बाकी नाचणारी पुरती दिसत होती, डोक्यापासून पायापर्यंत, वर रेनकोट नाही की काही नाही. मग फुगीरकडे बघितलं. रेनकोट.

दोन गिऱ्हाइकं आत आली होती, तीही थांबली. माझे कान तापले होते. वाटत होतं उठावं आणि टेम्पोत जाऊन मूर्तींमध्ये बसावं, वर कागद ओढून घ्यावा. पण मग पंधरा वर्षं.

मी म्हणाले, "ह्याच्यात बाई दिसते. त्याच्यात रस्ता दिसतो."

"काय?"

"इथं बसून बघा."

नवरा बसला नाही. चार माणसांत तो कशाला जमिनीवर बसतोय? बसला तो दुकानदार. पँट वर ओढून माझ्यापासून हातभर अंतरावर टेकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आयला. इतकी वर्षं धंदा करतोय, खाली बसून टीव्ही कधी बगितलाच नाय." मग नवऱ्याला म्हणाला, "साहेब, वहिनी बरोबर बोलतात. फ्लॅट घ्या. मला काय, दोन्ही माझेच हायत."

फ्लॅट घेतला.

टेम्पोत मागे मूर्ती, तोंडांना कागद गुंडाळलेल्या, वरून प्लास्टिक. त्यांच्यामध्ये पेंढा घालून टीव्हीचं खोकं ठेवलं आणि त्याला मिठी मारून नवरा बसला. मी मागेच, त्याच्यासमोर. वडखळ नाक्यावर भाऊ चहाला थांबला तेव्हा एका म्हातारीने मागे डोकावून हात जोडले. तिच्या बरोबर समोर खोकं आणि त्यावर हनुवटी टेकलेला माझा नवरा होता. नमस्कार कोणाला पोचला, देव जाणे.

नागोठण्यापर्यंत नवरा खोकं सावरत होता. मग म्हणाला, "दुकानात फतकल मारून बसलीस ती! काय वाटलं असंल लोकांना?"

"घरीपन तिथंच बसते मी."

"कुठं?"

"उंबऱ्याजवळ. कडंला. तिथनं टीव्हीत शेजाऱ्यांची लुंगी दिसते."

त्याने खोक्यावरची हनुवटी उचलली. मग म्हणाला, "सात वर्सं?"

मी मान डोलावली. तो हसायला लागला. इतका हसला की खोकं हललं आणि भावाने पुढून ओरडून विचारलं, गणपती पडला का म्हणून.

घरी सासरे दारात उभे होते. हातात हातोडी. भिंतीवरचे देवांचे फोटो काढून कॉटवर ठेवलेले आणि त्यांच्या जागी दोन लांब खिळे ठोकलेले. चपटा टीव्ही म्हणजे कॅलेंडरसारखा भिंतीला लटकतो, असं त्यांना वाटलं होतं.

खोकं उघडलं. सासऱ्यांनी टीव्हीला एक फेरी मारली. मागे जाऊन थांबले.

"हा फ्लॅट?"

"पुढनं फ्लॅट हाय, बाबा."

"आनि मागनं गाभन म्हस हाय."

खिळ्यांवर लटकवायचा प्रश्न नव्हता. जुन्या स्टँडवर ठेवला तर मागे भिंत आडवी यायची आणि टीव्ही तोल गेल्यासारखा पुढे यायचा. इकडे ठेव, तिकडे ठेव करत शेवटी त्याचा पार्श्वभाग मावेल अशी एकच जागा निघाली, खोलीचा कोपरा. तिथे तिरका बसवला तर बरोबर बसला. आणि त्याचं तोंड आलं थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे.

मी रिमोट घेऊन रंग अर्ध्यावर आणला. माणसं माणसांच्या रंगाची झाली. मग आत गेले, विळी घेऊन आले आणि उंबऱ्यापाशी बसले. समोर. सासऱ्यांची खुर्ची आता कडेला होती. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "ह्या काचंत मला खांब दिसतोय."

त्या कोपऱ्यात आमचा गणपती बसायचा. त्या वर्षी त्याला खिळ्यांच्या भिंतीशी बसवावा लागला, म्हणजे पाच दिवस तोही टीव्ही कडेनेच बघत होता. डोळे मीच आखले होते, त्याला अडचण नव्हती.

अडचण आली गौरीच्या दिवशी. क्रिकेटची मॅच होती. मी बिरड्यासाठी मोड आलेले वाल भिजत घातले होते, परात भरून, आणि उंबऱ्याशी बसून सोलत होते. सासरे खुर्ची उचलून माझ्याजवळ आले.

"गो, जरा आत सरक. मला हितनं बघायचंय."

घरात पाहुणे होते. माझे कान पुन्हा तापले.

"नाय, मामा," मी म्हणाले. "माझी जागा हाय ती."

नवऱ्याने कॉटवरून मान वळवली. सासरे माझ्याकडे बघत राहिले, बोलणारं भांडं बघावं तसे.

"मग आमी कुठं बसायचं?"

मी परात पुढे सरकवली. "बसा ना इथंच. पन वाल सोलायचे."

खुर्चीवर बसून परातीत हात पोचत नाही. सासरे खाली बसले. थोड्या वेळाने नवरा आला. मग पाहुण्यांतले दोघं. वाल बोटात दाबला की सालातून टुणकन उडतो, आणि शिकाऊ हातातून तर कुठेही जातो. चौकार गेला तेव्हा सासऱ्यांचा एक वाल सरळ जाऊन फलंदाजाच्या तोंडावर चिकटला आणि तिथेच राहिला. सपाट काच, घसरला नाही.

"पुस की गो," सासरे म्हणाले.

"तुमचा हाय, तुमीच पुसा," मी म्हणाले, आणि पुढचा वाल उचलला.