झेलणारीचा आवाज

पहाटे पुण्याहून सुटलेल्या गाडीनं चाळीसगाव मागे टाकलं आणि खिडकीतून कपाशीची शेतं दिसू लागली. वेचणी उरकत आली होती, झाडांवर उरलासुरला कापूस चिकटून होता. मी जळगावला निघाले होते आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं. जिच्यासाठी निघाले त्या मंदालाही नाही.

मंदा माझी माहेरची, सावद्याची मैत्रीण. कानबाईची (श्रावणात आमच्याकडे घरोघरी बसते ती देवी) गाणी आम्ही दोघी जोडीनं म्हणायचो. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती झेलायची. मंदा उचलायची, मी झेलायची. लग्न होऊन मी पुण्याला आले आणि माझं गाणं सावद्यालाच राहिलं. महिन्यापूर्वी तिचा फोन आला. जळगावात संगीत, तंत्रज्ञान आणि नव्या कल्पनांचा महोत्सव भरणार होता, तिला गायला बोलावलं होतं आणि झेलायला मी हवी होते. मी ऑफिसातल्या ऑडिटचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे तीस वर्षांत मी देवापुढची आरतीसुद्धा मोठ्यानं म्हटली नव्हती, आणि स्टेजवर फजिती होईल याची भीती वाटत होती. मंदा नुसतं "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यानंतर घास जात नाही.

जळगाव स्टेशनाबाहेर महोत्सवाच्या मैदानापर्यंत रिक्षा केली. तिथे नेमकं काय विकतात, असं रिक्षावाल्या भाऊंनी विचारलं. मलाही सांगता येईना.

मैदानात मांडवच मांडव होते. एका टेबलावर हिरव्या केळ्यांना तारा जोडल्या होत्या, केळ्याला बोट लावलं की कॉम्प्युटरमधून सूर निघे. कॉलेजच्या मुली भरभरून समजावत होत्या. माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आबा उभे होते. त्यांनी एक केळं अंगठ्यानं दाबून पाहिलं. सूर वाजला, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "आठ दिस लवकरच कापलं हे केय (केळं)," ते गंभीरपणे म्हणाले. प्रवासात पहिल्यांदाच मला हसू फुटलं. पुण्यात डझनानं केळी घेताना मला अजून चोरट्यासारखं वाटतं. सावद्याला चहूकडे केळीच्याच बागा, तिथे ज्याला केळी विकत घ्यावी लागतात, त्याला गावात कुणीच नाही असं समजतात.

दुपारी भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी घेतली. चव तीच होती. पण समोर बसून "अजून घे वं" म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे अर्ध्यातच हात धुतले.

चार वाजता मंदाचं गाणं होतं. मी डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या रांगेत बसले. मंदाचे केस पिकले होते, पण कानावर हात ठेवायची लकब तीच. निवेदन करणाऱ्या बाईंनी सांगितलं की मंदाताईंच्या मैत्रिणीला येणं जमलं नाही, म्हणून एका जुन्या कॅसेटवरून त्यांचा आवाज वेगळा काढला आहे. मंदाच्या मामांच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली ती कॅसेट मी विसरूनही गेले होते.

मंदानं ओळ उचलली, "ये वं माऽऽय." आणि स्पीकरमधून सोळा वर्षांच्या एका मुलीनं ती झेलली. स्वच्छ, बिनधास्त आवाज. ती मी होते. त्या मुलीचा मला हेवा वाटला आणि तिची इतकी आठवण आली की पदर तोंडात धरावा लागला.

पण दर ओळीला काहीतरी अडखळत होतं. मंदाचा 'माऽऽय' संपायच्या आतच मशीनमधली मुलगी येऊन आदळायची. लोकांना ती मशीनची करामत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं काय ते मला एकटीलाच कळत होतं. लहानपणी माझा दम पुरायचा नाही, मी एक श्वास उशिरा झेलायची. म्हणून मंदा शेवटचं अक्षर लांबवून मला सांभाळून घ्यायची. मशीनवाल्यांनी माझा उशीर कापून टाकला होता. मंदा मात्र अजून थांबत होती.

कुणालाही न भेटता संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरवून आले होते. आता ते शक्य नव्हतं. स्टेजमागे गेले तेव्हा ती शालीची घडी घालत होती. मला पाहून तिला जराही नवल वाटलं नाही.

"तू येत नाही म्हनली," ती म्हणाली, "म्हनून तुलेच आनलं."

"ऑडिट नव्हतं गं," मी म्हटलं.

"मले माहीत व्हतं."

मग आम्ही दोघी तिथल्याच खुर्च्यांवर बसून थोडं रडलो, आणि बरंचसं गावातल्या लोकांबद्दल बोललो.

ती स्टेशनवर पोचवायला आली. कच्च्या केळ्यांची पिशवी तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. सिग्नल पडला, तशी भरल्या फलाटावर तिनं कानावर हात नेला आणि हलक्या आवाजात ओळ उचलली. 'माऽऽय' लांबत गेला. माझा श्वास काही जमेना. ती थांबली, पूर्वीपेक्षाही जास्त थांबली. शेवटी मी झेललं. आवाज चिरकला, समोरच्या बाकावरचे वळून बघायला लागले.

गाडी हलली. मंदा खिडकीबरोबर चालत होती.

"फाटला वं आवाज तुहा," ती म्हणाली. "उशीर मात्र तेवढाच."

घरी केळी पिकायला चार दिवस लागले. ते चारही दिवस मी स्वयंपाकघरात ती ओळ म्हणून पाहिली. समोर उचलणारी नसली की झेलायचं काय, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी पुण्यात गाणं विसरले नव्हते, मला इथे मंदा नव्हती.

पाचव्या दिवशी फोन करून तिला सांगितलं, श्रावणात कानबाईला येते.

ती "बरं" म्हणाली, पण या खेपेला शेवटचं अक्षर चांगलं लांबवून.