रोवणीची पहिली मूठ

आज दवाखान्यात एक गरोदर बाई थेट रोवणीतून आली. तिच्या पायांना चिखल होता आणि अंगाला नुकत्याच उपटलेल्या धानाच्या रोपांचा ओला वास. मी तिला नळावर पाय धुवायला पाठवलं, पण तो वास मला आमच्या करडी गावच्या शेताच्या बांधावर घेऊन गेला.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझं नर्सिंग संपलं होतं. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळत होती, आणि अड्याळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दवाखान्यात बाळंतपणाला नर्स नव्हती. मी नागपूर ठरवून टाकलं होतं.

आमच्या घरी रोवणीची पहिली मूठ प्रार्थना करून लावत. आईने रोपं हातात धरून डोळे मिटले. "प्रभू, पोरीले नागपूरले सुखात ठेव."

शेजारची कौसाबाई मोठ्यानं हसली. "काहून वं मार्था, तुमी त देवाले इचारून करता म्हणता. अन् तू त त्यालेच सांगून राहिली!"

बाकीच्या बायाही हसल्या. आई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू इचारलं का वं?"

मी विचारलं नव्हतं, कारण उत्तर मला माहीत होतं. तेव्हा कौसाबाईचा फार राग आला. आज वाटतं, त्या बांधावर खरं तीच बोलली. मी तिथेच चिखलात उभी राहून विचारलं, आणि अड्याळला आले.

नागपूरची हळहळ काही वर्षं टिकली. मग कामात ती कधी गेली, कळलं नाही. नागपूरला राहणारी भाची अजून तिकडे बोलावते. मी नाही म्हणते. मला नेमलेली जागा हीच आहे.

बाई पाय धुऊन आली. तिला खाटेवर झोपवलं आणि बाळाचे ठोके ऐकायला वाकले.