राक्षसांची सुईण आणि उसाची वाट

भुताखेतांच्या, शापित राज्यांच्या, मोबाईलवर वाचून दाखवतात त्या जाडजूड मालिकांमधली कुठली चांगली, असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारते, ऐकणार कुठे? माणसं हसतात. घरात पंख्याखाली लोळत ऐकणाऱ्याला काहीही चालतं. मी या मालिका ऐकल्या त्या पिंपळवंडीत, दिवेलागणीच्या सुमारास, हातात दुधाची किटली आणि दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस असताना. तिथे निवड चुकली की चांगलीच महागात पडते.

आमचं घर मळ्यात आणि डेअरी गावात. मधली वाट उसातून जाते, एका ठिकाणी ओढ्याला वळसा घालते. त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला त्या वळणावर बिबट्याने आमचा कुत्रा उचलला. आमच्या घरात मेंढरं होती त्या काळापासूनच्या वाणाचा, मोठ्या हाडाचा कुत्रा. माझ्या पुढे दोन पावलं चालला होता, आणि मग नव्हता. साधा आवाजसुद्धा झाला नाही. मी किटली तिथेच टाकून घराकडे धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किटली भरून निघाले आणि ऊस सुरू होतो तिथे पाय थबकले. तिसऱ्या दिवशी तेच. नवऱ्याचा टेम्पो, संध्याकाळी टोमॅटो घेऊन बाजाराला जायची त्याची वेळ. माझ्यापायी तो डेअरीला जायला लागला आणि त्याच्या खेपा बुडायला लागल्या. तो चिडला मात्र नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"गाई काढून टाकू," तो समजुतीने म्हणाला. "जिवापरीस काय जास्त हाय का? यापारी वळखीचा हाय, बोलून ठिवतो."

त्या दोन गाई माझ्या होत्या. शिवणकाम करून घेतलेल्या. आमच्याकडे दुधाच्या पैशांना पगार म्हणतात आणि तो पगार माझ्या नावावर जमा होई. घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. मी त्याला म्हटलं, थोडे दिवस थांबा. तो बरं म्हणाला, पण व्यापाऱ्याला फोन करून ठेवलाच.

वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली होती, की एकटं जाऊ नका, जावंच लागलं तर मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, आवाज ऐकून जनावर बाजूला होतं. मी भजनं लावून पाहिली. पण पाठ असलेलं भजन ओठ आपोआप म्हणतात, कान उसातच राहतात. पान हललं की काळीज लक्कन हलायचं. मी परत फिरायची.

हे सगळं मी नारायणगावच्या कापडदुकानातल्या भाभींना सांगितलं. अस्तराचं कापड मी त्यांच्याकडूनच घ्यायची. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेलं घर, बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध मराठी. दिवस मावळायच्या आत जेवणारी, मुंगीलाही वाट देणारी ही बाई पदराखाली कानात एक इअरफोन घालून दिवसभर काय ऐकत असेल? हाडांचे मुकुट आणि रक्त मागणारे आरसे! कोणाला मारायचा प्रसंग आला की मात्र तेवढा भाग पटकन पुढे सरकवायच्या.

"गाणी नकोत, ताई," त्या म्हणाल्या. "गाण्यात पुढं काय ते माहीत असतं. तुमचा जीव पुढच्या गोष्टीत अडकला पाहिजे."

आणि माझ्या मोबाईलवर त्यांनी मालिका काढून द्यायला सुरुवात केली, अगदी कापड दाखवतात तशी. "ही बघा, नामी आहे, पण पहिल्या धुण्यात रंग सोडते. पहिल्या भागात फार भीती, दुसऱ्यापासून नुसती लग्नं. ही टिकाऊ आहे, पण जाडीभरडी. आणि ही..." असं म्हणून त्या थांबल्या. "ही शेवटी ऐका."

पहिली मालिका एका शापित शहराची. लिहिणारा हुशार, त्यात वादच नाही. अंधाराचं वर्णन असं, की भर दुपारी दिवा लावावासा वाटावा. पण वाचणारे गृहस्थ भीतीची जागा आली की आवाज खाली नेत. ऊस सुरू झाला आणि त्यांनी कुजबुजत म्हटलं, "तेव्हा... तिच्या मागे..." मी मागे न बघता पळाले. निम्मं दूध माझ्या चपलांवर. ही मालिका घरात बसणाऱ्यांनी जरूर ऐकावी. मी तिच्या वाटेला परत गेले नाही.

दुसरी सात राजांची. शिंगं, नगारे, आरोळ्या, आवाज म्हणाल तर अर्ध्या शिवाराला पुरेल एवढा. खुरपणीहून परतणाऱ्या बायांच्या मागे मागे मी तिच्या जोरावर एकदा डेअरीपर्यंत गेलेसुद्धा. पण त्या राजांपैकी कोणालाच कशाची भीती वाटत नाही. अजगराच्या तोंडातही ते भाषण करतात. दुसऱ्या दिवशी बाया नव्हत्या, राजे होते, आणि माझे कान पुन्हा उसात. न भिणाऱ्या माणसाची भिणाऱ्याला काय सोबत होणार? ज्यांना लढाया आवडतात त्यांनी ती ऐकावी, चार भाग तरी झोप येणार नाही.

मग मी तिसरी लावली. तिची नायिका सुईण. माणसांची नव्हे, राक्षसांची. डोंगरापलीकडच्या अरण्यात कोणी राक्षसीण अडली की हिला बोलावणं येतं. आणि ही बाई दर वेळी भिते. बोटं पदराला पुसते, आणि गुहेत शिरते. का, तर आत एक बाई अडलेली आहे आणि हे काम हिचं आहे. मी ऐकत ऐकत उसात शिरले. ती गुहेच्या तोंडाशी पोचली तेव्हा मी ओढ्याच्या वळणावर होते. ती आत गेली, मी वळण ओलांडलं.

या मालिकेत खोटही आहे. तिसऱ्या भागात जादूगारांची पंचायत भरते ती उठायचं नावच घेत नाही, आणि प्रत्येक भागात वाचणारी बाई नावं वेगळीच उच्चारते. तरी तिन्हींत मी हिलाच वर ठेवते. पहिलीत भीती ऐकणाऱ्याला वाटते, दुसरीत कोणालाच नाही. तिसरीत ती काम करणाऱ्या बाईला वाटते, आणि बाई काम सोडत नाही. एवढा फरक मला पुरला.

मी रोज जायला लागले. नवऱ्याचा विश्वास बसेना. "चार दिवसाचं हाय हे," तो म्हणायचा. व्यापाऱ्याला त्याने अजून नाही म्हटलं नव्हतं.

एका संध्याकाळी दूध घालून रिकामी किटली घेऊन मी परत निघाले होते. गोष्टीत राक्षसांची राणी अडली होती. मूल आडवं, बाहेर राक्षसांची फौज, आणि मूल दगावलं तर सुईणीची मान जाणार. माझी चाल मंदावली. मग मी थांबलेच. किटली खाली ठेवली, मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि ऐकत राहिले. आजूबाजूला अंधारत गेलं हे मला कळलं नाही.

लांबून हाका येत होत्या. नवरा लवकर परतला होता आणि मी घरी नाही म्हणून बॅटरी आणि काठी घेऊन निघाला होता. धापा टाकत तो जवळ आला. "आगं, काय झालं? हितं का हुबी?"

मी हात वर केला. "थांबा, बाळ बाहेर येतंय."

तो काठी उगारलेलीच ठेवून थांबला. बाळाचं रडू मोबाईलमधून असं फुटलं, की साऱ्या उसात ऐकू गेलं असेल. मी डोळे पुसले, वर पाहिलं, आणि मग लक्षात आलं की मी ओढ्याच्या वळणावर उभी आहे. कुत्रा गेला त्याच जागेवर, एकटी, किती वेळ कोण जाणे. हा काही शहाणपणा नव्हता, तसं कोणी उभं राहू नये. नवऱ्याने काठी खाली केली.

"काय झालं? पोरगी का पोरगा?" त्याने विचारलं.

"पोरगी."

त्याने माझी किटली उचलली आणि आम्ही घराकडे निघालो. सकाळी मी धार काढत होते तेव्हा अंगणातून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "न्हाई राव. गाई न्हाई द्यायच्या. मालकीण जातीय की दुधाला." मी गाईच्या पोटाला डोकं टेकून पोटभर रडले. गाय शहाणी, हलली नाही.

पुढच्या बाजारी मी भाभींच्या दुकानात गेले. आभार मानायला शब्द जुळवत गेले होते. माझ्या दोन गाई, माझा पगार, माझी वाट, हे सगळं या बाईने मला परत दिलं होतं, आणि ते मला तिच्या तोंडावर सांगायचं होतं. पण मी सुईणीचं नाव काढताच त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"राणीपर्यंत आलात?"

"आले की. परवाच."

त्यांनी माझा हात धरला. "मी तिथंच थांबलेय, ताई. वर्ष झालं. बाळ गेलं तर, म्हणून पुढं ऐकवेना. तुम्हाला दिली ती त्यासाठीच, तुम्ही पुढं जाल आणि मला सांगाल." त्यांचा आवाज बारीक झाला. "वाचलं का हो?"

या बाईला वाटलं होतं, की मी पुढे जाईन. मला स्वतःला उसातही शिरवत नव्हतं, तेव्हा.

"वाचलं, भाभी," मी म्हटलं. "होईपर्यंत मी उभी होते तिथं."