घोडीच्या पायांखाली

आमच्या गावी, हरमलच्या जत्रेत फटाक्यांच्या दारूचा वास आला की अजूनही माझे हात गार पडतात.

लग्नानंतर आम्ही दोघं मुंबईला, शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात कामाला होतो. मोठ्या शर्यतीचा आठवडा होता, घोड्या नुसत्या बिथरलेल्या. त्या सकाळी हे एका काळ्या घोडीच्या पोटाखाली बसून तिच्या पायाला पट्टी बांधत होते आणि मी पाण्याची बादली घेऊन दारात उभी होते. रस्त्यावरून वरात चालली होती. अचानक फटाक्यांची माळ कडाडली. घोडी उसळली, हे गवतावर उताणे पडले आणि तिचे खूर यांच्या छातीशेजारी आपटू लागले.

किंकाळी आवरून मी घोडीला थोपवत हळू आवाजात म्हटलं, "रव गे बाये, रव. भिया नको." मग त्याच आवाजात यांना सांगितलं, "सरकत भायर येवा."

हे कोपरांवर सरकत माझ्या पायांशी आले, तेव्हा कुठे मी हातातली बादली खाली ठेवली.

कित्येक वर्षं मी ती घोडी मारकी होती असंच सांगायचे. आता मात्र तिचे थरथरणारे पाय आठवतात. माझा आवाज ऐकल्यापासून हे बाहेर येईपर्यंत तिने एक खूर अधांतरी उचलून धरला होता.