आत्तीचा अंगठा

बोलायच्या आधी तो बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि हवेत उभं धरायचा. मग म्हणायचा, "समोरनं हाय, अण्णा. उचलंल." काय उचलेल? विमान! भोरच्या आमच्या गल्लीत, गटाराच्या काठावर उभा राहून हा गडी विमानासाठी वारा बघायचा. पोरं हसायची, आम्हीही हसायचो.

पुण्याजवळच्या एका विमानशाळेत तो फिटर होता. शनिवारी एसटीने यायचा आणि रविवारी गल्लीतले सगळे स्टोव्ह दुरुस्त करायचा. आमचा भडकणारा स्टोव्ह त्याने कान लावून ऐकला नि माझ्या बायकोला म्हणाला, "वयनी, स्टोव काय आन् इंजान काय, मरायच्या आदी खोकत्यात. आपण ऐकत न्हाई." पैसे द्यायला गेलं की चहा मागायचा. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. असला तर जपा त्याला.

त्याचा बाप भोरच्या डोंगरातल्या हिर्डोशी गावचा. पोटामागे वरंध्याचा घाट उतरून गोव्याला गेला, बंदरावर हमाली केली. हा तिथेच जन्मला. आईबाप तापाने गेले तेव्हा कुणीतरी त्याला आणून बापाच्या बहिणीच्या दारात सोडलं. या आत्तीने नाचणीच्या भाकरीवर त्याला वाढवलं आणि पुढे भोरला लॉरीचं काम शिकायला धाडलं.

विमानशाळेतले मास्तर एक दिवस त्याला म्हणाले, तुझा हात चांगला आहे, तुला उडवायला शिकवतो. त्या रविवारी त्याने गल्लीभर पेढे वाटले. मग फॉर्म आला. जन्मस्थळाच्या रकान्यात या शहाण्याने खरं तेच लिहिलं. गोवा म्हणजे तेव्हा पोर्तुगीजांचा मुलूख, तिथला प्रश्न पेटलेला. त्यामुळे हा परका ठरला, आणि परक्याला विमान शिकवायचं तर आधी त्याची पाळंमुळं तपासायची असा नियम. नियमाला मी नावं ठेवत नाही. तो राबवणाऱ्यांना ठेवतो, आणि त्यांत मी होतो.

मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कुठल्या ते विचारू नका, अजून लाज वाटते. चौकशीचा कागद तिथेच आला. बाप मूळचा हिर्डोशीचा, एवढं तिथल्या कुणा नातलगाने सांगितलं की तो आपला ठरणार होता. एका माणसाचं 'व्हय' पाहिजे होतं, बस्स.

चौकशीला एक जमादार निघाला आणि जबाब लिहायला मी. जमादाराने गावात पाय ठेवताच आधी कोंबडी कापायला लावली. रस्सा ओरपला, मिशा पुसल्या आणि चावडीपुढे ढेकर देऊन ओरडला, "ह्या पोर्तुगीजाला कोण ओळखतं? खोटं बोलाल तर आत घालीन एकेकाला!"

आता हिर्डोशीची एक रीत सांगतो. संस्थानच्या काळापासून तिथे शिपायाने ज्याचं नाव घेतलं तो माणूस गावात नसतोच. वेठीला धरायला आले तरी आणि चोरीचा आळ घेऊन आले तरी. संस्थान विलीन होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण शिपाई तोच, खाकीही तीच.

"न्हाई जी, आमी ऐकलं बी न्हाई कधी," म्हातारे म्हणाले.

मग आत्तीचं दार. ती उंबऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. "माझं कुणी न्हाई जी त्यो. भावाला माझ्या मूलबाळच न्हवतं." तिच्या मागे खुंटीवर ग्रीसचे डाग पडलेला त्याचा सदरा लटकत होता. मी तो पाहिला. मावशी, हो म्हणा, त्याचं भलं आहे, एवढंच बोलायचं होतं. जमादाराने डोळे वटारले, "चौकशी गुप्त आहे, कारकून!" माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी जबाब लिहिला आणि तिचा अंगठा माझ्या हाताने धरून कागदावर उठवला. शी! आजही तो हात धुवावासा वाटतो.

महिन्याभरात निकाल लागला. शिकणं तर बंदच, विमानशाळेच्या फाटकाच्या आतसुद्धा यायचं नाही. फिटरचं कामही गेलं.

तो कचेरीत आला. बोट वर केलं नाही. "अण्णा, कोन म्हणलं मी हितला न्हाई?"

दाखवायला नको होतं, पण मी कागद पुढे सरकवला. त्याने मजकूर वाचला नाही, खालच्या अंगठ्याकडेच बघत राहिला. ठशावर एक आडवी पांढरी रेघ होती.

"विळा लागल्याला हाय. भात कापताना. म्याच चिंधी बांदली हुती." मग एकदम उजळून म्हणाला, "मग लिवा की, अण्णा! परक्याला ठाव आसतंय व्हय हे?"

आणि मी काय म्हणालो ऐका. मी म्हणालो, "त्याला रकाना नाही रे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. कागद नीट सरळ करून त्याने माझ्याकडे सरकवला. "वाचवाया गेली बगा म्हातारी. तिला सांगू नका. जीव देईल." त्यानंतर तो गल्लीत आला नाही, हिर्डोशीलाही गेला नाही. कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी बाजारच्या दिवशी आत्तीने मला रस्त्यात गाठलं. जवळ येऊन हळूच विचारलं, "त्ये शिपाई पुन्ना न्हाई न्हवं गेलं आमच्या पोराच्या मागं?"

"नाही, मावशी."

"मग बरं. म्या दाद लागू दिली न्हाई बगा." ती हसली. "आता इमान चालवत आसंल. यायाला सवड न्हाई गावत." आणि पदराखालून नाचणीच्या पिठाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. "तुमी सरकारातलं. तुमास्नी ठाव आसंल त्यो कुठं हाय. पोचवा तेवडं."

मी 'पोचवतो' म्हणालो. पुरचुंडी घरी आणली, आठ दिवस फळीवर ठेवली. मग त्यात किडे व्हायला लागले म्हणून बायकोने चाळून भाकरी केली. मी ती खाल्ली.