हौदाचं झाकण

परवा शेजारी प्लायवूड कापत होते, आणि त्या भुशाच्या उग्र वासानं मी थेट लातूरच्या आमच्या भाड्याच्या घरी पोचले. तिथं अंगणात मांडीएवढ्या उंचीचा गोल सिमेंटचा हौद होता, उघडाच, आणि घरात तीन वर्षांची लेक. सुतार येईना, म्हणून बी.एस्सी. झालेल्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, लाकडी पट्टीचं एक टोक प्लायवूडच्या मधोमध खिळ्यानं ठोकलं, दुसऱ्या टोकाला करवतीच्या पात्याचा तुकडा बांधला आणि दुपारभर ती पट्टी फिरवून प्लायवूडचं गोल झाकण कापलं. माप हौदाच्या तोंडाचंच, तंतोतंत. झाकण बुचासारखं आत बसलं. “सूनबाई, तू तं इंजिनेर निघालीस की,” सासूबाई म्हणाल्या, आणि मी अशी फुगले, की काठावर टेकायला झाकण तोंडापेक्षा मोठं लागतं, हे त्या हुशार डोक्यात शिरलंच नाही. मी कणिक मळत असताना बाहेर डुबुक झालं. धावले. लेक कुठंच नव्हती आणि झाकण आत पाण्यावर तरंगत होतं, खालचं काही दिसू न देता. कंबरेपर्यंत वाकून मी ते ओढत होते, आणि पिठाच्या हातातून ते निसटत होतं. तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, “अगं, हिकडं हाय, गोधड्यांत दडून बसली.” लेक रडत म्हणाली, “म्या न्हाई ढकललं.” आता ती दोन लेकरांची आई आहे, तरी फोनवर पोहायला निघाले म्हणाली, की परत येईपर्यंत मला घास गिळवत नाही.